शमूचं पाणी

मुक्ताईंनी रजिस्टर स्वतःकडे फिरवून घेतलं, चष्मा नाकावर सारखा केला आणि पिवळ्या पडलेल्या पानावर बोट दाबून धरलं.

"या दोनांतली एक नोंद खोटी आहे," त्या म्हणाल्या.

टेबलापलीकडून केदारी पाळक वाकून बघायला लागले. नोंदी स्वच्छ होत्या. बावीस डिसेंबर एकोणीसशे त्रेसष्ट, रविवार. शमुवेल रणपिसे. त्याखाली पौलस रणपिसे. दोघांचं वय पाच आठवडे, आईवडिलांची नावं तीच, शेवटी त्या वेळच्या गोऱ्या पाद्रीसाहेबांची झोकदार सही.

"तारीख चुकलीय का?"

"तारीख बरोबर आहे. नावं बरोबर आहेत. पाणी चुकलंय."

पाळक तरुण होते. पेठेतल्या या चर्चमध्ये येऊन त्यांना जेमतेम दीड वर्ष झालं होतं. म्हातारी शमुवेलच्या कबरीवरच्या दगडाचा मजकूर ठरवायला आली असेल, अशी त्यांची समजूत. म्हणून तर त्यांनी चहा सांगितला होता. ब्याऐंशी वर्षांच्या मुक्ताई कात्रजहून एकट्या रिक्षा करून आल्या होत्या, आणि मुद्दाम मंगळवारी आल्या होत्या. मंगळवारी त्यांचा धाकटा मुलगा निवृत्त लोकांच्या बैठकीला जातो. धाकटा म्हणजे वीस मिनिटांनी धाकटा. वहीतला पौलस, घरातला बाळ. चौदा वर्षं तोच या मंडळीचा सेक्रेटरी होता, आणि या कपाटाची एक किल्ली त्याच्या जुडग्यात असायची.

"बसा नीट, पाळकसाहेब," मुक्ताई म्हणाल्या. "बासष्ट वर्षांचं आहे. दोन मिनिटांत होणार नाही."

आणि त्यांनी सांगितलं. जुळी पाच आठवड्यांची असताना थोरल्याला, शमूला, न्यूमोनियानं धरलं. छाती भात्यासारखी चालायची. सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी, त्याच्या बरगडीखाली बिब्बा तापवून डाग दिला. डॉक्टर होते, औषध होतं, पण द्वारकाबाईंचा बिब्ब्यावर विश्वास जास्त. इकडे बाप्तिस्म्याची तारीख ठरलेली, नगरहून पाहुणे उतरलेले, बोकड कापलेला. पुण्यात थंडी अशी की कुंडातल्या पाण्यात बोट घालवेना. ते पाणी डोक्यावर पडलं तर पोरगं जागेवर जाईल, असं द्वारकाबाईंनी बजावलं. आणि पाणी न पडता गेलं तर वहीत नाव नाही, पाद्री माती द्यायला येणार नाही, कब्रस्तानात घरच्यांजवळ जागा मिळणार नाही, हेही त्यांनीच बजावलं.

"मग?" पाळकांनी विचारलं.

"मग काय. दोघं सारखीच. एकाच्या टोपीला निळी फीत, एकाच्या पांढरी. बाळला निळी टोपी घालून नेला. थोरला आधी म्हणून शमुवेल नाव पुकारलं, पाणी पडलं, पोरगं किंचाळलं. ओला अंगरखा बदलते म्हणून याच खोलीत आले. सासूबाई इथं, त्या खिडकीखाली, शमूला शालीत घेऊन बसल्या होत्या. टोपी बदलली आणि तोच बाळ पुन्हा घेऊन गेले. पौलस नाव पुकारलं. दुसऱ्या वेळी तो रडला नाही. पाद्रीसाहेबांचा चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड. पाहुणे म्हणाले, धाकटा किती शहाणा आहे."

पाळकांच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं, ते त्यांनी आवरलं. मुक्ताईंना ते दिसलं.

"हसा. मीपण हसले असते. पण शमू महिन्याभरात बरा झाला, आणि मग सांगायचं कुणाला? वेदीसमोर खोटं बोललो म्हणून? पुढच्या वर्षी सांगू, पुढच्या वर्षी सांगू. असं करता करता शमू दोन महिन्यांपूर्वी दुधाच्या टँकरच्या स्टेअरिंगवर मान टाकून गेला. बाजूला घेऊन थांबवला होता टँकर. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण माझं पोरगं कोरडं गेलं, पाळकसाहेब. माझ्यामुळे."

चहा आला. दोघांनीही तो तसाच ठेवला.

पाळकांना जे माहीत होतं ते त्यांनी मनापासून सांगितलं. बाप्तिस्मा आज्ञा म्हणून दिलेला आहे, तो आपण टाळायचा नाही. पण पाण्याला बांधलेले आपण आहोत, देव नाही. पाण्याविना गेलेल्याला तो दारातून परत पाठवतो, असं कुणी म्हणू नये. वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी टांगलेल्या चोराला कुठं पाणी मिळालं होतं? त्याला तर त्याच दिवशी सुखलोकाचं वचन मिळालं.

"चोराला वेळ नव्हता," मुक्ताई म्हणाल्या. "माझ्या शमूला बासष्ट वर्षं होती. आणि मलाही."

पाळकांनी रजिस्टर जरा बाजूला सारलं. मग म्हणाले, "शमुवेल दर रविवारी यायचे. म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवायचे, बाहेर उन्हात उभं राहून सगळ्यांच्या गाड्या सांभाळायचे. ते काय वाया जाईल?"

"ते काम झालं. कामानं तारण होत नाही, असं तुम्हीच शिकवता. गेल्याच महिन्यात शिकवलंत." मुक्ताई पुढे सरकल्या. "तो आत का येत नव्हता, ते विचारा. दृढीकरणाच्या दिवशी, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायच्या वेळी, पंधरा वर्षांचं पोर पळून गेलं. बिशपसाहेब आलेले आणि हा बागेत माकडं बघतोय. प्रभुभोजन कधी घेतलं नाही. मागच्या बाकावर दाराशी बसायचा, मध्येच उठून जायचा. लोक म्हणायचे उनाड आहे. मला ठाऊक होतं. त्याला पाणीच लागलेलं नव्हतं, तो चिकटणार कसा?"

"मग तुमची काय इच्छा आहे?"

"शमूचा बाप्तिस्मा करा."

"मुक्ताई, ते आता..."

"ठाऊक आहे मला. मीच माती टाकली. पण काहीतरी रीत असेल. तुम्ही शिकलेले आहात, शोधा." त्यांनी पिशवी उचलली. "पुढच्या मंगळवारी येते."

बाळला त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं, चहा पिताना, आडपडदा न ठेवता. पाळकांना सांगितलं आणि पोटच्या पोराला नाही, हे बरं दिसलं नसतं. शिवाय बासष्ट वर्षं झाकलेलं एकदा उघडल्यावर पुन्हा झाकण लावायची त्यांची तयारी नव्हती.

सांगणं सोपं मात्र नव्हतं. बाप्तिस्मा म्हटलं की बाळ नाकावर माशी बसू देत नसे. पाच वर्षांपूर्वी त्रिभुवन मंडळींनी कुठल्याशा नव्या संगतीत जाऊन पोहण्याच्या तलावात नव्यानं बुडून बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बाळनंच ठराव मांडून त्यांना कमिटीतून काढलं होतं. "बाप्तिस्मा एकदाच," असं म्हणताना तो एक बोट वर करायचा. दुसऱ्यांदा पाणी घेणं म्हणजे पहिल्या वेळी देव झोपला होता असं म्हणणं, हे त्याचं ठरलेलं वाक्य. शमू गेटाशी उभा राहून भावाची नक्कल करायचा, तेच बोट वर करून गाड्या थांबवायचा. बाळ चिडायचा. आता दोन महिने गेटाशी कुणीच नव्हतं, आणि बाळ अजून रडला नव्हता. पत्रिका छापणं, जेवणावळ, नगरपासूनच्या सगळ्या नातलगांना फोन, हे सगळं त्यानं शिस्तीत पार पाडलं होतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. कप उचलला, मोरीत नेऊन धुतला, पालथा घातला.

"म्हणजे मला दोनदा पाणी पडलंय," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी त्रिभुवनांना काढलं."

"तुला कुठं ठाऊक होतं?"

"आणि शमूला एकदाही नाही."

बाळची बायको शर्मिला पोळ्यांचं पीठ मळत होती, तिचे हात थांबले.

"मी त्याला काय काय बोललोय, आई," बाळ म्हणाला. "भर चर्चमध्ये बोललोय. दारातला माणूस म्हणालोय." मग चप्पल घालून तो खाली गेला आणि जेवायच्या वेळेपर्यंत वर आला नाही.

पुढले चार दिवस घरात कुणी त्या विषयाला हात लावला नाही. मुक्ताई लसूण सोलता सोलता मध्येच थांबत. शमू कुठं असेल, हा एकच प्रश्न. लहानपणी गर्दीत तो हात सोडून जायचा, तेव्हा त्या बाळला एका जागी उभं करून शोधायला धावायच्या, आणि तो कुठल्या तरी दुकानाबाहेर निवांत उभा सापडायचा. आता धावायला रस्ताच नव्हता. शनिवारी बाळ रविवार पेठेत जाऊन आला, सुंठ-पिंपळी मिळते त्या दुकानातून शर्मिलेच्या गुडघ्यांसाठी काहीबाही आणायला. आल्यावर त्याचं आणि शर्मिलेचं स्वयंपाकघराचं दार लोटून काहीतरी चाललं होतं. मुक्ताईंनी ऐकायचा प्रयत्न केला, पण कान साथ देईनात.

मंगळवारी त्या पिशवी घेऊन निघाल्या तर बाळ दाराशी उभा.

"आई, मी विचार केला. तुझी गफलत होतेय."

"कसली गफलत?"

"आजारी शमू नव्हता. मी होतो."

मुक्ताईंनी पिशवी खाली ठेवली. "मला शिकवतोस? मी बाळंतीण होते की तू?"

"परवा तू चहात दोनदा साखर घातलीस. मागच्या आठवड्यात शर्मिलाला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारलीस. रागावू नकोस, वय झालं. बिब्ब्याचा डाग ज्याला, तो आजारी. असंच ना?"

"असंच."

"मग बघ." त्यानं शर्ट आणि बनियन एकदम वर केलं. दारातल्या अंधूक उजेडात, बरगडीखाली रुपयाएवढा काळा डाग होता. मुक्ताईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. त्या पुढे सरकल्या तेवढ्यात त्यानं शर्ट खाली घेतला. "शमूला होता तो सायकलवरून पडल्याचा वण. डाग माझा आहे. निळ्या टोपीत काय, पांढऱ्या टोपीत काय, दोन्ही वेळा तू शमूलाच नेलंस. पाणी त्याला पडलंय."

मुक्ताई स्टुलावर बसल्या. दोघं नऊ वर्षांचे झाले आणि आपापली आंघोळ करायला लागले, त्यानंतर कुणाच्या बरगडीखाली काय आहे हे आईला कशाला दिसणार? शालीत कोण होतं? द्वारकाबाई खिडकीखाली बसलेल्या लख्ख दिसत होत्या, शालीचा काठ दिसत होता. शालीतल्या तोंडावर मात्र, दोघं सारखेच असल्यामुळे, आता कुणाचंही तोंड बसत होतं.

"शर्मिला," त्यांनी हाक मारली. "याच्या अंगावर डाग आहे? लग्नापासून?"

शर्मिला गॅसकडे बघत राहिली. "हे म्हणतात ना," ती म्हणाली. "मग असेल."

"आता उरलो मी," बाळ म्हणाला. "मी जिवंत आहे. मी घेऊ शकतो. पाळकांशी बोलतो आजच."

"बाळ, लोक काय म्हणतील? तू सेक्रेटरी."

"म्हणू देत."

ते शब्द त्यानं ज्या पद्धतीनं म्हटले, त्यात मुक्ताईंना द्वारकाबाईच ऐकू आल्या. ही हटून बसण्याची खोड त्याच बाजूची.

त्या रविवारी त्यानं सूचना स्वतःच वाचल्या. महिला मंडळाची सभा, रक्तदान, कॅरलच्या सरावाची वेळ. मग त्याच आवाजात, "पुढील रविवारी उपासनेत पौलस रणपिसे, वय वर्षे बासष्ट, यांचा बाप्तिस्मा होईल." मग बाकाबाकांवर कुजबुज सुटली. आठवडाभर फोन येत राहिले. कमिटीतल्या एकानं राजीनाम्याचा कागद टाइप करूनच पाठवला, फक्त सही करायची. त्रिभुवनांकडून निरोप आला की आमच्याकडे तलाव आहे, हवा तर कोमट करून देऊ. बाळनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "रविवारी या."

मुक्ताईंचा जीव मात्र हलका झाला नव्हता. व्हायला हवा होता. शमूला पाणी पडलं होतं, आता बाळलाही पडेल, हिशोब मिटला. तरी जेवताना त्यांची नजर बाळवर जायची. तो एका अंगावर कलून बसायचा. शर्ट चिमटीत धरून अंगापासून लांब करायचा.

"काय झालंय रे?"

"उष्णता."

डिसेंबरात कसली उष्णता, असं त्यांच्या तोंडावर आलं होतं. पण तो उठून गेला.

रविवारी वेस्ट्रीत, रजिस्टरच्या कपाटाच्या त्याच खोलीत, चौघं होते. पाळक झगा घालून तयार, बाळ पांढऱ्या शर्टात, दाराशी शर्मिला आणि टेबलापाशी मुक्ताई. बाहेर बाकं गच्च भरलेली. त्रिभुवन मंडळी पाच वर्षांनी आली होती आणि अगदी पुढे बसली होती.

"मी असं करणार आहे," पाळक हलक्या आवाजात म्हणाले. "शंका असते तेव्हा एक रीत आहे. सरळ 'मी तुझा बाप्तिस्मा करतो' न म्हणता, 'तुझा बाप्तिस्मा पूर्वी झालेला नसेल तर' असं म्हणून करायचं." त्यांनी बाळकडे जरा जास्त वेळ बघितलं. "माझी हरकत नाही, सेक्रेटरीसाहेब. आणि मुक्ताई, रजिस्टरमध्ये शेरा लागेल. पौलसच्या नोंदीपुढे 'ही नोंद चुकीची' असं लिहून साक्षीदार म्हणून तुमची सही. तुम्ही एकट्याच उरलात त्या दिवसाच्या."

पेन पुढे आलं. मुक्ताईंनी ते घेतलं. सही करायला वाकणार, तेवढ्यात बाळच्या शर्टाची एक बाजू पँटबाहेर आलेली दिसली. आयुष्यभराची सवय. पेन त्याच हातात ठेवून त्यांनी शर्ट आत खोचायला हात घातला.

बाळनं दातांवर दात दाबून श्वास आत ओढला.

मुक्ताईंचा हात तिथंच थांबला. शर्टाखाली काहीतरी ओलसर, गरम होतं. खोबरेलाचा वास आला. बासष्ट वर्षांचा डाग गरम नसतो. त्याला खोबरेल लागत नाही.

"शर्ट वर कर."

"आई, लोक बसलेत."

"वर कर म्हणते ना."

चौदा वर्षं सेक्रेटरी असलेल्या माणसानं पाळकांसमोर शर्ट वर केला. वेस्ट्रीच्या मोठ्या खिडकीतून दहाचं ऊन सरळ आत येत होतं. डाग मधे काळा, भोवती लालबुंद, कातडी सुटलेली, कडेला पाण्याचे फोड. मुक्ताईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि बघितलं.

"कधी लावलास?"

दारातून शर्मिला बोलली. "पंधरा दिवस झाले. पुसट व्हायला लागला म्हणून परवा पुन्हा लावला. मी किती सांगितलं, आई. ऐकतात का माझं?"

"तापवून?"

"तापवून."

"शमूचा डावीकडे होता," मुक्ताई म्हणाल्या.

बाळनं मान खाली घालून स्वतःच्या बरगडीकडे बघितलं. डाग उजवीकडे होता.

"मला तो समोरून दिसायचा," तो म्हणाला, आणि मग दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याचा चेहरा मोडला. शर्ट तसाच हातात धरून तो रडायला लागला, मोठ्यानं, लहानपणी शमू दिसेनासा झाला की रडायचा तसा. शर्मिला पुढे झाली. मुक्ताईंनी तिला हातानं थांबवलं आणि स्वतः त्याला जवळ घेतलं, दुखऱ्या बाजूला धक्का लागणार नाही असं.

त्यांना सगळं पुन्हा नीट दिसायला लागलं. शालीत शमूच होता. निळ्या टोपीत बाळ होता, पाच आठवड्यांचा, आणि शमूचं नाव पुकारल्यावर ते बर्फासारखं पाणी त्यानं डोक्यावर घेतलं होतं आणि किंचाळला होता. तेव्हा त्याला कळत नव्हतं. या वेळी कळत होतं, आणि या वेळी तर त्यानं चटका घेतला होता, दोनदा. कशासाठी? भाऊ दाराबाहेर राहू नये म्हणून.

"पाळकसाहेब," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही मला सांगितलंत, देव पाण्याला बांधलेला नाही. मला पटलं नव्हतं."

"आठवतंय."

"तुमचं बोलणं अजून पटलेलं नाही. चोराचं तर मुळीच नाही. पण हे बघा." त्यांनी बाळच्या शर्टाकडे मान हलवली. "भाऊ आत यावा म्हणून हा माणूस एवढं करतो. देव काय माझ्या बाळपेक्षा कद्रू आहे?"

पाळक डोळे मिटून उभे होते. बाहेर पेटीवाल्यानं दुसऱ्यांदा तीच चाल सुरू केली होती. वेळ होऊन गेल्याची ती खूण होती.

"मग नोंदीचं काय करू?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं. "कोणती खोटी म्हणून लिहू?"

मुक्ताईंनी पेनाला टोपण लावलं आणि पान शेवटचं एकदा वाचलं. शमुवेल रणपिसे. पौलस रणपिसे.

"दोन्ही राहू द्या. शमूचं पाणी यानं घेतलं होतं. पोचलं असेल."

त्यांनी रजिस्टर मिटलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली बाळच्या हातात दिली. "तोंड धू. आणि सूचना तूच वाच. लोकांना बोलावलंयस, आता सांगायचंही तूच."

"काय सांगू?"

"खरं असेल ते."

त्या बाहेर आल्या. पुढच्या बाकावर सेक्रेटरीच्या आईसाठी जागा धरलेली होती. मुक्ताई तिच्याकडे न बघता मधल्या वाटेनं शेवटपर्यंत चालत गेल्या आणि दाराशी, शमूच्या बाकावर बसल्या. तिथून गेट दिसत होतं, गाड्या वेड्यावाकड्या लावलेल्या दिसत होत्या. जागा काही वाईट नव्हती. वाराही येत होता.

बाळ चष्मा लावून उभा राहिला. डोळे सुजलेले होते आणि ते लपवायचा त्यानं प्रयत्न केला नाही. कागद उलगडला. महिला मंडळ, सांत्वनाची भेट, कब्रस्तानाची साफसफाई. मग कागद घडी करून त्यानं खिशात ठेवला.

"मागच्या रविवारी एक सूचना दिली होती. पौलस रणपिसे यांचा आज होणारा बाप्तिस्मा होणार नाही. तो पूर्वीच झालेला आहे."

पुढच्या बाकावर त्रिभुवनांच्या थोरल्यानं घसा खाकरला. बाळनं सवयीनं एक बोट वर केलं, त्याच्याकडे बघितलं आणि हात पुन्हा खाली घेतला.

"शमुवेल रणपिसे यांचाही झालेला आहे," तो म्हणाला. "दोन्ही वेळा मी हजर होतो."

सगळ्यात मागून, दाराजवळून, कुणीतरी आमेन म्हणालं. उपासना अजून सुरू व्हायची होती, आमेनची ती वेळही नव्हती. पण मुक्ताईंनी ते पुन्हा एकदा म्हटलं, गेटापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.